वळवायला गेलं की विमान एक-दोन सेकंद ऐकतच नाही, रिमोट गंडलाय का?

साताऱ्याचा_पतंग
नमस्कार मंडळी, पहिलंच आरसी (रिमोटवर उडणारं) विमान आहे, डेप्रॉन फोमची शीट कापून घरीच बनवलेलं हाय विंग ट्रेनर (वरती पंख असलेलं शिकाऊ विमान). सामान नेहमीचंच, फ्लायस्काय आय६ रिमोट, त्याच्यासोबतचा आयए६बी रिसीव्हर, २२१२ ची १००० केव्ही मोटर, ३० अँपिअर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३ सेल २२०० लिपो बॅटरी आणि ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी: दोन पंखांवरच्या एलेरॉनला, एक शेपटीच्या आडव्या एलिव्हेटरला, एक उभ्या रडरला). टेबलावर सगळं झकास हलतं. मैदानात सोडलं की पहिला राउंड नीट मारतं आणि मग जोरात वळवून एलिव्हेटर ओढला की एकदम सगळं फ्रीज, मोटरपण बंद, आणि जरा वेळाने आपोआप परत चालू होतं. दोनदा शेतात जाऊन आपटलंय, नाक हॉट ग्लूने चिकटवून चिकटवून जड झालंय. अंतर म्हणाल तर पन्नास मीटरपण नसेल. दुकानदार म्हणतो रिमोट बदला. खरंच बदलू का?

ग्लायडरवाला_नाशिक
अँटेना बघितलीस का रे? रिसीव्हरच्या दोन वायरी असतात ना, त्यांच्या टोकाचा साधारण ३१ मिमीचा उघडा भाग हाच खरा अँटेना, तो दुमडलेला नको, बॅटरी किंवा मोटरच्या वायरीला चिकटलेला नको. आणि दोन्ही एकमेकींना काटकोनात ठेव, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी नीट दिसते. वळतानाच होतंय म्हणतोस म्हणून मला तरी रेंजचाच संशय येतोय.

जुना_खिळा
अँटेना नीट कर, ती करायचीच आहे, पण पन्नास मीटरवर रेंज जाईल हे काही पटत नाही, हा रिमोट शे-दोनशे मीटर आरामात जातो. पोराने लिहिलंय ते परत वाचा, *मोटरपण बंद आणि आपोआप परत चालू*. नुसती मोटर बंद पडून सर्व्हो चालू राहिले असते तर मी म्हणालो असतो बॅटरी उतरली, ईएससीने कटऑफ केला. इथे सगळंच एकदम जातंय आणि तेही दोन-तीन सर्व्हो एकाच वेळी जोर लावतात तेव्हाच. म्हणजे रिसीव्हरला करंट पुरत नाहीये, व्होल्टेज ४ च्या खाली गेलं की तो रीस्टार्ट होतो आणि परत रिमोटशी जोडला जाईपर्यंत विमान देवाच्या भरवशावर. ह्याला ब्राऊनआउट म्हणतात.

कारण बहुतेक तुझ्या ईएससीमधला बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर-सर्व्होला ५ व्होल्ट देणारा भाग. स्वस्तातल्या ३० अँपिअरवाल्यात लिनिअर बीईसी असतो, वर ५ व्होल्ट २ अँपिअर छापलेलं असतं पण ३ सेलवर ते धरून चालू नकोस. फुल चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट, द्यायचे ५, उरलेले ७.६ व्होल्ट तो नुसते गरमीत घालवतो. १ अँपिअर ओढला तरी साडेसात वॅट उष्णता त्या नखाएवढ्या चिपमध्ये, शेजारी मोटरचा करंट वाहून ईएससी आधीच तापलेला. टेबलावर सर्व्होला हवेचा जोर नसतो, ईएससी गार असतो, म्हणून तिथे सगळं झकास.

पैसे घालवायच्या आधी एक कर. प्रोपेलर काढ (हे आधी, बाकी सगळं नंतर). आयए६बी रिसीव्हर स्वतःचं व्होल्टेज रिमोटच्या स्क्रीनवर पाठवतो, ते बघत बघत दोन्ही स्टिक एकदम कोपऱ्याकोपऱ्यात फिरव आणि आकडा किती खाली जातो सांग.

साताऱ्याचा_पतंग
दादा केलं. नुसतं ठेवलं की ५.०, स्टिक जोरात फिरवल्या की ४.३ पर्यंत जातो आणि मिनिटभर फिरवत राहिलो तर ईएससीला बोट लावता येत नाही इतका तापतो. अजून एक, रडरचा सर्व्हो काहीच न करता सारखा गुंगुं आवाज करतो. तो खराब असेल का?

मैदानी_मावशी
सर्व्हो खराब असेलच असं नाही हो. आधी त्याचा पुशरॉड (सर्व्होपासून रडरपर्यंतची तार) सोडवा आणि रडर हाताने हलवून बघा, बिजागरी टेप ताठ बसलीये का, रॉड कुठे घासतोय का. रॉड काढल्यावर आवाज थांबला तर दोष लिंकेजचा, म्हणजे रॉड-बिजागरीच्या जोडणीचा. अडकलेला सर्व्हो जागेवर पोचायला सारखा जोर लावत राहतो, पूर्ण अडकला तर हा ९ ग्रॅमवाला एकटाच ६००-७०० मिलिअँपिअर खातो, मग बाकीच्या तिघांनी काय करायचं! माझ्या मुलाच्या विमानात रॉड फोममधून जातो तिथे हॉट ग्लूचा थेंब सांडून कडक झालेला, ब्लेडने खरवडला आणि आवाज गायब.

बाकी पहिल्या विमानाला चार सर्व्हो हवेतच कशाला? पंखांना थोडा वरच्या दिशेने कोन दिला की रडर-एलिव्हेटरवर मस्त शिकता येतं. असो, आता बनवलंय तर उडवा.

जुना_खिळा
मावशी बरोबर बोलल्या, आधी लिंकेज. आणि तरी ४.३ म्हणजे टेबलावरच, वर हवेत अजून खाली जाणार, तेव्हा वेगळा स्विचिंग यूबीईसी (ईएससीच्या बाहेर जोडायचा, कमी तापणारा बीईसी) घे, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, रिमोटच्या मानाने किरकोळ खर्च. इनपुट सरळ बॅटरीच्या वायरींना, आउटपुट रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर. ईएससीच्या थ्रॉटल प्लगमधली लाल वायर पिनसकट बाहेर काढून टेप गुंडाळ, नाहीतर दोन बीईसी एकाच लायनीवर येतात. काळी आणि सिग्नलची तशीच राहू दे.

ग्लायडरवाला_नाशिक
ओके, मानलं, पॉवरचाच लोच्या आहे. एक राहिलं, फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला की विमानाने काय करायचं ते) लावलायस का? रिमोटच्या आरएक्स सेटअपमध्ये मिळेल, थ्रॉटल शून्यावर सेट कर. मग प्रोपेलर न लावता मोटर हळू चालू ठेवून रिमोट बंद कर, मोटर थांबलीच पाहिजे. नाही थांबली तर उडवू नकोस, लोकांच्या अंगावर जाईल.

साताऱ्याचा_पतंग
फेलसेफ ऑफच होता, आत्ता लावला, मोटर थांबते. रडरचा रॉड खरंच वाकलेला निघाला, सरळ केल्यावर गुंगुं बंद आणि आकडा ४.६ च्या खाली जात नाही. यूबीईसी मागवलाय. तो येईपर्यंत असंच एक फ्लाइट मारून बघू का?

जुना_खिळा
नको. ईएससी अजून तापतोच आहे ना? यूबीईसी लाव, आकडा परत बघ, मग जा. आणि सगळे प्लग काढून परत लावणारेस तर विमानाच्या मागे उभा राहून दिशा तपास, स्टिक उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे.