जुन्या टू-वे स्पीकरचे क्रॉसओव्हर: फक्त कपॅसिटर बदलावा की व्हॅल्यूही?

जुळे_सोलापूर
८ ओहमची बुकशेल्फ जोडी, साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा), १ इंची कापडी डोमचा ट्वीटर (वरच्या सुरांचा), वय १५ वर्षं. डावीकडे आवाज दबका, भजनातले टाळ लांबून वाजल्यासारखे. ट्वीटर अदलाबदल करून पाहिले तरी दबकेपणा त्याच डब्यात राहिला, म्हणजे घोळ क्रॉसओव्हरमध्ये, खालचे-वरचे सूर दोघांत वाटून देणाऱ्या बोर्डात.

ट्वीटरकडे ४.७ मायक्रोफॅरड नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ०.६ मिलिहेन्री कॉइल, २.२ ओहम ५ वॅट रेझिस्टर. वूफरकडे ०.९ मिलिहेन्री फेराइटच्या गाभ्याची कॉइल आणि ६.८ मायक्रोफॅरड कपॅसिटर. कॅल्क्युलेटरमध्ये ट्वीटरचा भाग ३००० हर्ट्झला बसतो, वूफरचा २००० ला. हे जुळवून घेऊ का? ट्वीटरची लाल वायर दोन्ही डब्यांत मायनसला आहे, तीही सुलट करायची का? आणि इथे सोलापुरात नवी पेठेत नॉन-पोलर मागितला की साधा प्लस-मायनसवालाच पुढे येतो. पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिक फिल्मचा कपॅसिटर) आणायचा कुठून?

ओहमपती
लाल वायरीला हात लावू नका. सेकंड ऑर्डर क्रॉसओव्हरमध्ये (प्रत्येक बाजूला एक कॉइल, एक कपॅसिटर) जोडाच्या जागी, म्हणजे वूफर संपून ट्वीटर सुरू होतो तिथे, वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या साधारण १८० अंश उलट पडतात, म्हणून कारखान्यातच ट्वीटर उलटा जोडतात. तुम्ही 'सुलट' केलात की २-३ किलोहर्ट्झला खड्डा पडणार आणि गाणारा मागे सरकणार.

व्हॅल्यूही चुकलेल्या नाहीत. कॅल्क्युलेटर ड्रायव्हरला (वूफर किंवा ट्वीटरला) ८ ओहमचा रेझिस्टर समजतो. वूफरची व्हॉइस कॉइल स्वतःच एक इंडक्टर आहे. ३ किलोहर्ट्झला तिचा इम्पीडन्स (एसी करंटला होणारा अडथळा) १२-१५ ओहमवर गेलेला असू शकतो. शिवाय डब्याची रुंदी जेमतेम, त्यामुळे खालचे सूर डब्यामागे वळून पातळ होतात आणि त्याची भरपाई वूफरच्या मोठ्या कॉइलने केलेली असते. कागदावर २००० आणि ३००० दिसतात, पण ऐकताना दोघं एकाच जागी भेटतात. '८०० वॅट' छापलेला रेडिमेड बोर्ड लावायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

आधी कपॅसिटरचा एक पाय सोडवून एलसीआर मीटरवर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणाऱ्या) मोजा. बोर्डावर ठेवून मोजलात तर शेजारची कॉइल आकडा बिघडवते.

पॉलिप्रॉपिलीन लावताना एक गोम आहे. धडधाकट इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) सुद्धा अर्धा-एक ओहम असतो आणि २.२ ओहम हा आकडा तो धरूनच निवडलेला असतो. पॉलिप्रॉपिलीनचा जवळजवळ शून्य. नुसता बदल केला तर ट्वीटर थोडा वर येतो, आणि लोक त्यालाच 'डिटेल वाढलं' म्हणून नाचतात.

वेटोळे
पॉलिप्रॉपिलीन तुमच्या डोक्यावर फिरतोय की. पंख्याचा कपॅसिटर तोच असतो. ४४० व्होल्टचे २.२५ आणि २.५ मायक्रोफॅरडचे समांतर जोडा, ४.७५ झाले. छापील आकड्यात ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून मीटर दुकानात न्या आणि दोन्ही डब्यांसाठी बेरीज सारखी येईल असे निवडा. जुन्या पंख्यातला काढून लावू नका. पंखा मंदावतो तो बहुतेकदा कपॅसिटर उतरल्यामुळेच.

फेराइट कॉइल काढून हवेची (गाभा नसलेली) बसवायचा मोह होईल. एमआयडीसीत यंत्रमागाच्या मोटारी भरणाऱ्यांकडे १८ गेजची इनॅमल तार मिळेल. ४० मिमी पीव्हीसी पाइपवर, २५ मिमी रुंदीत, ०.९ मिलिहेन्रीला साधारण १४५ वेढे लागतात. तार २५ मीटर, म्हणजे पाव किलो. १५० वेढे घ्या आणि मीटर पाहत एकेक सोडवा. पण एवढं करून तिचा रेझिस्टन्स ०.३७ ओहमच्या आसपास येतो. मूळ फेराइटचा त्याहून कमी असेल तर बास ढिला होईल. आधी तो मोजा. मी तरी ती कॉइल तशीच ठेवीन.

जुळे_सोलापूर
मोजलं. डावा ४.७ वाला: ३.१ मायक्रोफॅरड, ईएसआर २.८ ओहम. उजवा: ४.५ आणि ०.७. दोन्ही ६.८ वाले ६.६ दाखवतात. बोर्डावर तपकिरी गोंद कडक होऊन तडकलाय.

ओहमपती
मग सापडलं. २ ओहम जास्तीचे, म्हणजे ट्वीटर दीड डीबी खाली. वर व्हॅल्यू घटल्यामुळे जोडाच्या जागी भोक. उजवा ०.७ दाखवतो, तोच मूळ हिशेब माना: नवा पॉलिप्रॉपिलीन आणि २.२ च्या जागी २.७ ओहम १० वॅट वायरवाउंड. बदल दोन्ही डब्यांत करा, एकाच बाजूला नको. ६.८ वाले राहू द्या. बदलायचेच असतील तर १०० व्होल्टचे नवे नॉन-पोलर पुरेत, तिथे पॉलिप्रॉपिलीनवर पैसे घालू नका.

तो तपकिरी गोंद पूर्ण खरवडा. जुना झाला की तो करंट वाहू लागतो आणि तांबं खातो.

वेटोळे
पंख्याचे कपॅसिटर मोठे असतात, बोर्डावर मावणार नाहीत. डब्याच्या तळाला केबल टायने आवळा, खाली फेल्टची पट्टी ठेवा, नाहीतर बासला खडखडतील. कॉइल हलवावी लागली तर दोघींचे अक्ष काटकोनात ठेवा, वूफरच्या चुंबकापासून लांब, आणि मधून लोखंडी स्क्रू नको. इनॅमलचा पाय ब्लेडने तांबं दिसेपर्यंत खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही; वरून चकचकीत दिसतो, आत सुटलेला असतो.

तपासायला रूम ईक्यू विझार्ड हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. माइक १ मीटरवर, ट्वीटरच्या उंचीला, दोन्ही डबे आळीपाळीने एकाच जागी ठेवून. १ डीबीच्या आत जुळले की झालं. मग एकदा ट्वीटरची वायर मुद्दाम उलटवून मोजा: जोडाच्या जागी खोल खाच दिसली तर मूळची जोडणी बरोबर, परत तशीच लावा.

वूफर काढताना स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा आणि दुसरा तळवा कोनवर (वूफरच्या कागदी पडद्यावर) आडवा ठेवा. चुंबक टोक खेचतं आणि कागदात भोक पडायला क्षण लागत नाही.