रेडिएटरचे पाईप शेवटचे कधी बदललेत? जुन्या गाड्यांचा अनुभव धागा

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना ऑइल कधी बदललं ते तोंडपाठ असतं, टायर किती चाललेत तेही माहीत असतं. होज पाईपचं विचारलं की मात्र "फुटला की बघू." माझी 1999ची झेन. परवा वरचा, खालचा, हीटरचे आणि बायपासचा छोटा, असे सगळे पाईप क्लिपांसकट एकदम बदलले. काढलेला खालचा पाईप ब्लेडने उभा चिरला. बाहेरून काळाभोर, गुळगुळीत. आत तोंडापासून दोन बोटांवर उभ्या भेगा, आणि त्यातून दोऱ्याची वीण दिसत होती. इंजिन, रेडिएटर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिळून एक बारीकशी बॅटरीच तयार होते आणि तो प्रवाह रबर आतून खातो. त्यामुळे बॉनेट उघडून नुसतं "पाईप चांगले दिसतायत" म्हणण्यात काही अर्थ नाही. तुमचं काय झालं ते लिहा. गाडी आणि साल जरूर द्या.

सातारा, 2004ची इंडिका डिझेल
खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला म्हणून हीटर फुल्ल केला, तेवढीच उष्णता बाहेर पडते. पुढच्या वळणावर काटा झपकन खाली आला. शेजारी बाबा खूश, "बघ, झाली थंड!" पण हीटरमधून गार वारा येत होता. म्हणजे आत पाणीच उरलं नव्हतं. सेन्सर कोरडा पडला की काटा खोटं बोलतो. लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. वरचा पाईप क्लिपेच्या अगदी कडेला फाटला होता. इंजिन पुरतं निवल्यावर मागून आलेल्या ट्रकवाल्याने दिलेली ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, पाणी भरलं, झाकण सैल ठेवलं म्हणजे प्रेशर धरत नाही, आणि थांबत थांबत सुरूर गाठलं. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाचलं. काटा खाली आला म्हणून तसाच पुढे गेलो असतो तर गॅस्केटसकट हेडचं काम निघालं असतं.

नाशिक, मारुती 800
माझ्या गाडीचे पाईप मी स्वतः बदलते. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, ही पहिली अट. मग प्रत्येक पाईप आधी मधे दाबायचा आणि नंतर तोंडाजवळ दाबायचा. मधे घट्ट आणि तोंडाजवळ लिबलिबीत लागला, किंवा दाबताना आत कुरकुर जाणवली, की काढायचा. क्लिपेखाली पांढरट-हिरवट खडी साठली असेल तर तिथून पाझर आहे, भले खाली थेंब दिसो न दिसो.

जुना पाईप ज्या नळीवर चढवलेला असतो तिला चिकटून बसलेला असतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा नाही, रेडिएटरची नळी तडकते. सरळ ब्लेडने उभा काप देऊन सोलून काढायचा. नळीवरचं जुनं रबर आणि खडी घासून साफ केली नाही तर नवा पाईपही गळणारच. नवा चढवताना तोंडाला थोडं कूलंट लावते. ग्रीस कधीच नाही, या रबराला तेल चालत नाही. क्लिप नळीच्या फुगवट्याच्या मागे बसायला हवी, फुगवट्यावर नको.

भरताना तोंड उघडं, हीटर फुल्ल, इंजिन सुरू, आणि वरचा पाईप हाताने हलके दाबत राहायचा. बुडबुडे यायचे थांबले, पंखा लागून बंद झाला की झाकण. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी बघून क्लिपा पुन्हा एकदा आवळते. आणि हो, जुनं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

लातूर, ओम्नी
आमच्याकडे बोअरचं पाणी. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं तेच भरलेलं, त्यामुळे नळीच्या तोंडाशी चुन्याचा थर. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून पाझर लवकर दिसत नाही. सीट उचलून हात घालावा लागतो. आता फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

पेडणे, गोवा
पावसात गाडी उभी राहिली की उंदीर. हीटरचा पाईप कुरतडलेला, वायर मात्र शाबूत! चतुर्थीला गावाला निघण्याआधी बॉनेट उघडायचाच, असा आता घरचा नियम.

मिनेसोटा, 2003ची कोरोला
इथे वेगळीच गंमत. जानेवारीत सकाळी गाडीखाली गुलाबी थेंब, आणि इंजिन तापलं की गळती गायब. पाईप चांगला होता, दोष क्लिपेचा. कुणीतरी मूळची स्प्रिंगची क्लिप काढून स्क्रूची बसवली होती. कडाक्याच्या थंडीत रबर आकसतं, स्क्रूची क्लिप आहे तिथेच राहते आणि फट पडते. स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर आवळत जाते. तीच परत बसवली, थेंब बंद. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवलं तर उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे ती काळजी नाही.

कोल्हापूर, उद्यमनगर
माझं गॅरेज आहे, म्हणून ग्राहकांचं सांगतो. सकाळी वरचा पाईप चपटा झालेला दिसला की लोक पाईप बदला म्हणतात. नवा घातला तरी दुसऱ्या दिवशी तोही चपटाच. दोष रेडिएटरच्या झाकणात असतो. त्याच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व असतो, इंजिन थंड होताना त्यातून बाटलीतलं कूलंट परत आत यायला पाहिजे. तो अडकला की आत पोकळी होते आणि पाईप आत ओढला जातो. आधी झाकण बदला.

खालच्या पाईपात काही गाड्यांना स्प्रिंग असते. ती जुन्यातून काढून भंगारात टाकू नका. तिकडून वॉटर पंप ओढतो, स्प्रिंग नसेल तर जोरात पळवताना पाईप मिटतो आणि गाडी फक्त हायवेवरच गरम होते. असली केस सापडायला लई वेळ जातो. आणि पाईप स्पंजासारखा फुगला असेल तर वरून कुठनं ऑइल गळतंय ते आधी बघा, नाहीतर नवाही तसाच होणार.

झेनवाल्याचं उत्तर
झाकणाचं लक्षातच आलं नव्हतं, उद्या बघतो. सिलिकॉनचे पाईप घ्यावेत का? नाना पेठेत एकाने दाखवले, निळे, झकास दिसतात.

कोल्हापूर
टिकतात. पण खाचावाली साधी क्लिप त्यांना कापते, आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप घ्यायला लागते. रोजच्या गाडीला कंपनीचा रबरी पाईप भरपूर झाला.

गिरगाव, प्रीमियर पद्मिनी
ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि सुटे भाग आणखी दुर्मीळ झाले. खालच्या पाईपासाठी ऑपेरा हाउसची दुकानं पालथी घातली. एकाने सरळ पाईप दिला, "वाकवून बसवा." वाकवला की मधेच मोडतो आणि पाणी अडतं. ठरावीक वळणाचाच हवा. कोणाला मिळाला असेल तर सांगा.

कोल्हापूर
दुसऱ्या गाडीचा लांब, वळणाचा पाईप घेऊन त्यातला जुळणारा तुकडा कापायचा, आम्ही तसंच करतो. जुना पाईप आणि माप घेऊन दुकानात जा. माप पाईपाचं घेऊ नका, तो फुगलेला असतो. रेडिएटरची आणि पंपाची नळी मोजा. दोन्हीकडचं माप वेगळं असू शकतं.