‘मोरसेस गेला’ : नाशिकच्या वहीतील एक नोंद

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या अस्थिविसर्जनासाठी नाशिकला गेले असता तीर्थोपाध्यायांनी केवळ गाव आणि आडनाव विचारून आमच्या घराण्याची जुनी वही काढली. पणजोबांना एकच भाऊ होता, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो; परंतु त्यांच्या वडिलांनी लिहवून घेतलेल्या मोडी नोंदीत मुलगे तीन आहेत आणि मधल्याच्या नावापुढे ‘मोरसेस गेला’ एवढेच शब्द आहेत.

तो शब्द ऐकताच मला आजी आठवली, कारण ती साखरेला शेवटपर्यंत ‘मोरस’च म्हणत असे. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथून येणाऱ्या साखरेला आपल्याकडे त्या बेटाचेच नाव पडले होते. ज्या घरात हा शब्द रोज चहाच्या वेळी तोंडी येई, त्याच घरात त्या बेटावर गेलेल्या मुलाचे नाव तीन पिढ्या कोणी उच्चारले नाही, याचे मला फार वाईट वाटते. वंशवृक्षात त्यांची जागा त्यांना मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पुढचा शोध कुठे घ्यावा?

---

ताई, नमस्कार.

आपले मूळ गाव रत्नागिरीकडचे असल्याने ही नोंद मला अगदी संभवनीय वाटते. १८३४ साली ‘अ‍ॅटलास’ जहाजाने करारबद्ध मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात नेले, तेव्हापासून सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून तिथे गेली. त्यांपैकी मुंबई बंदरातून निघालेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडील लोक बरेच होते. त्यांच्या नोंदवह्या मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. त्यांत प्रत्येकाचा क्रमांक, बापाचे नाव, वय, उंची, जिल्हा आणि गाव लिहिलेले असते. पुढच्या काळातील अनेकांची छायाचित्रेही आहेत.

मात्र घाई करू नका. कारकुनाच्या कानी पडले तसे नाव रोमन लिपीत उतरले आहे, त्यामुळे बापाचे नाव, गाव आणि वय ही तिन्ही जुळल्याखेरीज माणूस आपलाच, असे मानू नये. मोडीत शब्द सलग लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून ते पान आणखी एका जाणकाराकडून वाचवून घ्यावे. करार संपल्यावर परतलेलेही पुष्कळ होते, हेही ध्यानात असू द्या.

---

काका, आपले मनःपूर्वक आभार. पानाचे छायाचित्र आजच पाठवते. मधल्या भावाच्या नावाखाली त्यांच्या पत्नीचेही नाव आहे आणि तिच्यापुढे काहीच लिहिलेले नाही. ती बरोबर गेली की गावीच मागे राहिली, हे मला तितक्याच कळकळीने जाणून घ्यायचे आहे. मोका येथे लिहावयाच्या पत्रात मी दोघांचीही नावे घालीन.