घरी मेक्सिकन हॉट चॉकलेट करायला गेलो आणि दूध नासलं, कुठे चुकलं?

कर्वेनगरचा_बोका:
मंडळी, मदत पाहिजे. मागच्या आठवड्यात कोरेगाव पार्कात एका कॅफेत मसाल्याचं मेक्सिकन हॉट चॉकलेट प्यायलो. दालचिनीचा वास आणि घोट खाली गेल्यावर मागाहून हळूच येणारा तिखटपणा, एकदम भारी. बिल बघितलं आणि ठरवलं आता घरीच करायचं. रविवारी अर्धा लिटर दूध उकळलं, त्यात दोन चमचे कोको पावडर, दालचिनी पूड, अर्धा चमचा डब्यातलं लाल तिखट आणि तिकडे गुळासारखं काहीतरी घालतात असं ऐकलं होतं म्हणून गुळाचा खडा. दोन मिनिटांत नासलं. परत साखर घालून केलं, नासलं नाही पण पहिल्याच घोटाला ठसका, वर कोकोच्या गुठळ्या आणि तळाशी तिखटाचा गाळ. बायको म्हणाली चॉकलेटची आमटी झालीये.

मसालेवाली_ताई:
अरे डब्यातलं तिखट कशाला घातलंस, ते भाजीचं. पूड दुधात विरघळत नाही, ती घशालाच जाऊन चिकटते. अख्खी बेडगी घे, एकच, देठ-बिया काढ, कोरड्या तव्यावर जरा फुगेपर्यंत भाज, करपली तर कडू होईल मग मला बोलू नकोस. ती आणि दालचिनीचा इंचभर तुकडा गार दुधातच टाक आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेव, मग गाळून घे. दूध फुल क्रीम घे, तिखटपणा स्निग्धात उतरतो, पातळ दुधात तो नुसता जीभ जाळतो. कोको आधी कपात दोन चमचे कोमट दुधात कालवून घे, थेट पातेल्यात टाकलास की गुठळ्या होणारच. आणि गूळ गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावर, किसून. गुळाच्या चहाला नाही का आपण असंच करत.

सदाशिव_पेठी:
एवढा खटाटोप करून तिखटच प्यायचं असेल तर मिसळीची तर्री काय वाईट.

पुएब्ला_रिटर्न:
चाकणहून कंपनीच्या कामाला सहा महिने मेक्सिकोत पुएब्लाला होतो म्हणून बोलतो, तिथे घरोघरी जे रोज पितात त्यात शक्यतो मिरची नसतेच. जाड गोल वड्या मिळतात, कोको, साखर, दालचिनी, कधी बदाम, मुद्दाम जाडसर वाटलेल्या, कच्ची खाल्ली तर साखरेचे कण दाताखाली कुरकुरतात. त्या गरम दुधात विरघळवतात, ओहाकाकडे तर पाण्यातसुद्धा करतात आणि सोबत पाव बुडवून खातात. पूर्वी हे सगळं मेतातेवर वाटायचे, म्हणजे आपला पाटा-वरवंटाच. मिरचीवालं चॉकलेट ही स्पॅनिश लोक यायच्या आधीची गोष्ट, तेव्हा त्यात साखरही नव्हती. आत्ता मिरची आणि चॉकलेट एकत्र बघायचं तर मोले नावाचं दाट कालवण, पुएब्लाचीच खासियत, चिकनवर घालतात, आणि ते मिठाईसारखं गोड नसतं, उगाच चॉकलेट सॉस समजू नका, मी पहिल्यांदा तसंच समजलो होतो.

तुझा तो गुळासारखा पदार्थ म्हणजे पिलोनसियो, शंकूच्या आकाराची छोटी ढेप. आणि दालचिनी बघून घे, तिकडे सिलोनी वापरतात, पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडते, वास गोडसर. आपल्या किराणावाल्याकडे जाड, कडक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया, ती उग्र लागते, तीच घ्यायची तर अर्धा तुकडा बास.

हां आणि मेन गोष्ट म्हणजे फेस. त्यांच्याकडे मोलिनियो म्हणून लाकडी काठी असते, खाली कोरलेला गोंडा, दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. पहिल्यांदा बघितल्यावर मी मोठ्याने म्हणालो, अरे ही तर रवी!

सदाशिव_पेठी:
मिरची मुळात तिकडचीच, पोर्तुगीजांनी इकडे आणली, तेव्हा बेडगी चालायला हरकत नाही. आधीचं वाक्य मागे. तर्रीबद्दलचं नाही.

औंधची_बेकर:
नुसत्या कोकोवर कॅफेसारखं दाट नाही होणार. 400 मिली दुधाला 50-60 ग्रॅम डार्क चॉकलेट घे, 60-70 टक्केवालं. पाकिटामागे कोको बटर लिहिलंय का ते वाच, नाहीतर स्वस्तातलं कंपाउंड येतं, त्यात वनस्पती तूप असतं, तोंडात मेणासारखं लागतं. शेवटी मीठ, चिमटीच्याही निम्मं.

कर्वेनगरचा_बोका:
अपडेट. काल रात्री केलं. बेडगी, सिलोनी दालचिनी (मंडईत तिसऱ्या दुकानात मिळाली), 60 ग्रॅम चॉकलेट, गूळ शेवटी. नासलं नाही!! तिखट अगदी मागून येतं, ताई म्हणाल्या तसं. मग पातेलं तिरकं धरून रवी फिरवली, बोटभर फेस आला, थोडा ओट्यावर आणि थोडा भिंतीवर. बायकोने दोन कप घेतले आणि आमटीचा विषय काढला नाही. फक्त आज सकाळी आईने त्याच रवीने ताक घुसळलं आणि आता घरात सगळे ताकाचा वास घेऊन बघतायत. लाकडाला लागलेला दालचिनीचा वास कशाने जातो?