नुसते भाडे पाहून कंपनी ठरवू नये
कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर स्वतः चालवण्यासाठी शिडाची बोट घेताना सर्वांत कमी भाड्याची कंपनी निवडावी, हे मत मला पटत नाही. स्वस्त ताफ्यातल्या बोटी बहुधा जुन्या असतात. म्हणून बोट किती वर्षांची आहे आणि नांगर ओढणारी मोटर बंद पडल्यास टॉर्टोला या मुख्य बेटाहून दुरुस्तीची माणसे किती वेळात पोहोचतील, हे आधी लेखी विचारावे. तिथल्या अनेगाडा बेटाभोवती प्रवाळाचे खडक असल्यामुळे काही कंपन्या तिकडे बोट नेऊ देत नाहीत, तेव्हा ते बेट मनात असेल तर करारातली ती अट पाहावी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम वादळाचे आहे: सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाने तिथल्या बोटींची दैना केली होती, त्यामुळे जून ते नोव्हेंबर या वादळांच्या हंगामातील आरक्षण वादळाने रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते, याचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत अनामत भरू नये.