शब्दचर्चा: ग्रेडिंग स्केलची ‘रिलायबिलिटी’ म्हणजे विश्वासार्हताच का?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोरड्या डोळ्यांवर मराठीत माहितीपत्रक लिहितेय आणि एका शब्दावर तीन दिवस अडलेय. कॉर्नियाला (शाळेच्या पुस्तकातलं पारपटल) वरून किती इजा झालीये ते बघायला आम्ही फ्लुरोसिन या रंगाची पट्टी सलाईनने ओली करून पापणीच्या आत टेकवतो, मिनिट-दोन मिनिटं थांबतो आणि निळ्या प्रकाशात स्लिट लॅम्पमधून (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून) बघतो, जिथे वरच्या पेशी दुखावल्यात तिथे कॉर्निया रंग धरतो आणि हिरवे ठिपके चमकतात. ठिपके किती त्यावर ग्रेड. आता ‘या स्केलची विश्वासार्हता’ असं लिहिलं तर एका पेशंटच्या वडिलांनी विचारलं, मग तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? त्यांचा प्रश्न रास्त आहे. मला म्हणायचंय की तोच डोळा दोघांनी बघितला तर तोच आकडा येतो का.

▪ ग्रेडिंगला प्रतवारी आहेच की, कांद्याची करतात तशी. मापनाला पट्टी. ‘प्रतवारीची पट्टी’ म्हणा.

▪ प्रतवारी नको हो. बाजारात वरची प्रत म्हणजे चांगला माल, इथे ग्रेड चढली म्हणजे डोळा जास्त बिघडला. पेशंट ४ ऐकून खूष व्हायचा! ‘पायरी’ बरं. आणि कुठल्या स्केलची पायरी तेही हवंच. ऑक्सफर्ड स्केलमध्ये चित्रांशी ताडून बघायचं असतं, पहिल्या चित्रात (A) एकही ठिपका नाही, मग १०, ३२, १००, ३१६ असे वाढत जातात. त्यात कॉर्निया आणि पांढऱ्या भागाच्या दोन बाजू, प्रत्येकी ० ते ५, बेरीज १५. एनईआय (अमेरिकेची नॅशनल आय इन्स्टिट्यूट) स्केलमध्ये नुसत्या कॉर्नियाचे पाच भाग, प्रत्येकी ० ते ३, बेरीज तीही १५. स्केलचं नाव न लिहिता फाईलवर नुसतं ७ लिहिलं तर पुढच्या डॉक्टरने काय समजायचं?

▪ मी महसूल खात्यात होतो, मला हे वाचून पैसेवारी आठवली. आधी नजरअंदाज पैसेवारी, शेतात उभं राहून पीक बघून रुपयात किती पैसे ते ठरवायचं. ५० च्या वर की खाली यावर गावाचं बरंच काही अवलंबून. दोघंही ६० म्हणाले तर एकमत झालं, पण ते खरं होतं का हे कळायचं पीक कापणी प्रयोगानंतर, धान्य वजन केल्यावर. म्हणजे एकमत वेगळं आणि अचूकपणा वेगळा, ताई. दोन्हीला एकच विश्वासार्हता वापरलं की गोंधळ होतो.

▪ वा, हाच फरक मला सापडत नव्हता! कॉर्नियाला कापणी नाही, म्हणून आम्ही एकमतावर जास्त विसंबतो. मी स्वतः एकदा तेच फोटो पंधरा दिवसांनी परत बघितले, आधीचे आकडे झाकून, तर ज्यांना २ दिले होते त्यातल्या काहींना ३ दिले. ० आणि ५ सगळ्यांना जमतात, घोळ मधल्या पायऱ्यांवर. म्हणून मी आता दोन शब्द घेतेय, दोन तपासणाऱ्यांसाठी ‘एकवाक्यता’ आणि एकाच माणसासाठी ‘सातत्य’.

▪ एकवाक्यता छान, पण नुसती टक्केवारी देऊ नका. बहुतेक डोळे ० किंवा १ चेच असले तर डोळे मिटून आकडे टाकले तरी बरेच जुळतील. ते योगायोगाचं जुळणं वजा करायला कोहेनचा कॅप्पा हा संख्याशास्त्रातला आकडा आहे, १९६० चा, आणि त्याचा भारित प्रकार २ आणि ३ मधल्या मतभेदाला ० आणि ५ मधल्यापेक्षा कमी धरतो. पायऱ्यांच्या स्केलला तोच शोभतो.

▪ कॅप्पा पेशंटच्या पत्रकात नाही घालणार, रिपोर्टमध्ये घालते. पत्रकात असं लिहिलंय: ‘दोन तपासणाऱ्यांच्या आकड्यात एखाद्या पायरीचा फरक येऊ शकतो, म्हणून शक्यतो दरवेळी त्याच व्यक्तीकडून, त्याच स्केलवर तपासून घ्या.’ अजून एक राहिलंय, कॉर्नियाच्या त्या पाच भागांची नावं. मधला, वरचा, खालचा, नाकाकडचा झाले, पाचव्याला ‘कानशिलाकडचा’ लिहू की ‘कानाकडचा’?

▪ कानाकडचा. माझी आई तेच म्हणेल.