‘मॅड ॲज अ हॅटर’ ॲलिसच्या आधीपासून आहे
‘मॅड ॲज अ हॅटर’ (हॅट बनवणाऱ्यासारखा वेडा) म्हणजे ठार वेडा आणि ते लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या पुस्तकातून आलं असं लोक सांगतात. अर्थ बरोबर, पण पुस्तक १८६५ चं आणि हा वाक्प्रचार १८३० च्या दशकातच छापून आलेला होता. मला दुसरं कारण पटतं, हॅट बनवणाऱ्यांना पाऱ्याची बाधा व्हायची ते. फेल्टच्या (लव दाबून केलेल्या जाड कापडाच्या) हॅटसाठी सशाची लव नीट गुंतावी म्हणून तिला मर्क्युरिक नायट्रेट हे पाऱ्याचं रसायन लावायचे, त्यातून निघणारी पाऱ्याची वाफ कारागीर बंद खोलीत वर्षानुवर्षं ओढायचे, अमेरिकेत तर हे १९४१ पर्यंत चालू होतं.

मी रबाळे एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघतो, पूर्वी पाऱ्याचे मॅनोमीटर (दाब मोजायच्या काचेच्या नळ्या) असायचे, एखादा फुटला की बारीक मणी लादीच्या सांध्यात जाऊन बसायचे, मग खिडक्या उघडून वर गंधकाची पूड टाकायची, झाडू अजिबात मारू द्यायचो नाही, त्याने पारा आणखी पसरतो. मेडिकल तपासणीला डॉक्टर कामगारांकडून दोन ओळी लिहून घ्यायचे कारण हाताची थरथर अक्षरात दिसते. त्या हॅटवाल्यांना वेडं म्हणणं मला खरंच लागतं, आजारी होते हो बिचारे! पाऱ्याने माणूस आरडाओरडा करत सुटतो असं नाही, उलट बुजतो, चारचौघांत यायला घाबरतो, मधेच उगाच चिडतो, डॉक्टर त्याला एरेथिझम म्हणतात.